राजा, महाराजा आणि महामंडलेश्वर

बंगळूरच्या हडसन सर्कलपासून के. आर. सर्कलकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव नृपतुंग रोड. नृपतुंग म्हणजे राष्ट्रकूट घराण्यातला पहिला अमोघवर्ष. इ.स. ८१४ ते ८७८ असं सहा दशकांहून जास्त काळ त्याने राज्य केलं. नृपतुंग हे त्याचं बिरुद. अतिशयधवल, वीरनारायण हीही बिरुदं, आणि शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो ते अमोघवर्ष हेसुद्धा बिरुदच. घरचं नाव बहुधा शर्व. अरब व्यापारी या घराण्याच्या राजाला ‘बल्हरा’ म्हणत. तेही वल्लभराज या पदवीचंच अरबी तोंडात बसलेलं रूप. त्यांच्या नवव्या शतकातल्या वृत्तांतात बल्हरा जगातल्या चार थोर राजांपैकी एक आहे.

हाच अमोघवर्ष ‘क्रुसेडर किंग्ज ३’ या गेममध्ये आहे. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने हा गेम २०२० साली आणला. त्यात सुरुवातीला ८६७ साल निवडलं की दख्खनच्या नकाशावर राष्ट्रकूटांचा रंग पसरलेला दिसतो. बंगळूरमध्ये कॉम्प्युटरसमोर बसून मान्यखेट या त्यांच्या राजधानीतून राज्य चालवणारा पोरगा रोज नृपतुंग रोडवरून जात असेल आणि दोन्ही माणसं एकच हे त्याच्या गावीही नसेल.

असे गेम आता पुष्कळ झाले. त्यांतला इतिहास कितपत खरा, हा वादही जुना आहे. आपल्याकडे तो बहुतेक वेळा तीनच मुद्द्यांवर रंगतो. अमक्या राजाची सीमा चुकली, तमक्याचा झेंडा चुकला, आमचं घराणं का नाही? या तक्रारी खऱ्या असतात, पण दुरुस्त करायला सोप्या. पुढच्या अपडेटमध्ये सीमा सरकते, झेंडा बदलतो. माझं म्हणणं असं की या गेमांचा खरा गोंधळ पदव्यांच्या हिशेबात आहे, आणि तो अपडेटने जाणारा नाही.

आधी काय बरं झालं ते सांगितलं पाहिजे. ‘क्रुसेडर किंग्ज २’ २०१२ साली आला तेव्हा त्याचा नकाशा भारताच्या उंबरठ्यावर संपत होता. मार्च २०१४ मध्ये ‘राजाज ऑफ इंडिया’ हा वाढीव भाग आला. त्याने सगळा उपखंड आत घेतला आणि हिंदू, बौद्ध, जैन राजे खेळता येऊ लागले. मराठी, कन्नड, तेलुगू, तमिळ अशा वेगळ्या संस्कृती मांडल्या गेल्या. त्याआधीच्या बहुतेक गेमांत ‘इंडिया’ नावाचा एकच गोळा असे. ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्येही ‘इंडियन्स’ ही एकच संस्कृती होती. ती मोडून २०२२च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’मध्ये हिंदुस्तानी, बंगाली, गुर्जर आणि द्रविड अशा चार केल्या. ‘सिव्हिलायझेशन ७’ने २०२५ साली चोळांना स्वतंत्र जागा दिली. हे सगळं कोणीतरी संदर्भग्रंथ उघडल्याशिवाय झालेलं नाही.

आता शिडी बघू. क्रुसेडर किंग्जच्या मूळ रचनेत पाच पायऱ्या आहेत : बॅरन, काउंट, ड्यूक, किंग, एम्परर. प्रत्येक पायरी जमिनीच्या एका ठरलेल्या तुकड्याला बांधलेली. तुकडा हातात आला की पदवी आली, पदवी गेली की तुकडा गेला. भारतात गेल्यावर गेम वरच्या पायऱ्यांची फक्त नावं बदलतो : राजा, महाराजा, सम्राट. बाकी सांगाडा नॉर्मंडीचाच. अकराव्या शतकातल्या फ्रान्सलाही तो पुरता लागू पडतो का, यावर युरोपातले इतिहासकार भांडतातच. दख्खनला तर तो खांद्यावरच बसत नाही.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. कस्तुरबा रोडवरच्या सरकारी संग्रहालयात दोन दगड आहेत. पहिला बेगूरचा, साधारण ८९०चा, म्हणजे गेम सुरू होतो त्यानंतर अवघ्या पिढीभराने. बेगूर आता बंगळूरच्या पोटात गेलंय. दगडावर हत्ती-घोड्यांच्या रणधुमाळीचं शिल्प आहे आणि मजकूर असा : गंग राजा एरेयप्पाने नागत्तर नावाच्या सरदाराला वीरमहेंद्राविरुद्ध लढायला पाठवलं आणि तुंबेपाडीच्या लढाईत नागत्तर पडला. मग राजाने इरुग नावाच्या माणसाला ‘नागत्तर-पट्ट’ बांधला आणि बेंपूर-१२ हा गावांचा गट त्याला दिला. मेलेल्या माणसाचं नाव हीच पदवी झाली आणि ती दुसऱ्याच्या कपाळावर बांधली गेली. बंगळूरचं नाव पहिल्यांदा आढळतं ते बेगूरच्या देवळातल्या याच काळाच्या दुसऱ्या लेखात. तिथे बंगळूरच्या लढाईत नागत्तराच्या घरातला बुट्टणशेट्टी पडल्याची नोंद आहे. या शहराची पहिली लेखी ओळखच मुळात रणभूमी म्हणून आहे.

दुसरा दगड मंड्या भागातल्या आतकूरचा, ९४९-५०चा. तक्कोलमच्या लढाईत राष्ट्रकूट तिसरा कृष्ण आणि त्याचा मेहुणा, गंग राजा दुसरा बूतुग यांनी चोळ युवराज राजादित्याला मारलं. त्याबद्दल कृष्णाने बूतुगाला बनवासी-१२०००, बेळ्वोल-३००, पुरिगेरे-३००, किसुकाड-७० आणि बागेनाड-७० हे प्रांत दिले. बूतुगाने खूश होऊन आपला वीर मनलेर याला काय हवं ते माग म्हटलं. मनलेराने काळी नावाची कुत्री मागितली. पुढे एका रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि काळी दोघं मेले आणि तिच्या स्मरणार्थ हा दगड उभा राहिला. साम्राज्याच्या युद्धाचा अहवाल आपल्याला मिळतो तो एका कुत्रीच्या स्मारकावर! कोणत्याही गेमच्या लेखकाला हे सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तर वरच्या माणसाने अतिशयोक्ती म्हणून खोडलं असतं.

या दगडांवरचे आकडे बघा. बारा, सत्तर, तीनशे, बारा हजार. गंगवाडी-९६०००, नोळंबवाडी-३२००० हेही ऐकीवातले. हे आकडे नेमके कशाचे यावर अभ्यासकांत एकमत नाही. लहान आकडे गावांचे असावेत हे पटतं, मोठे मात्र परंपरेने ठरून गेलेले. पण रचना कळते. लहान गट मोठ्या गटात बसतो, एकाच माणसाकडे दूरदूरचे चार गट असू शकतात, आणि गट दिला म्हणून त्याची पायरी आपोआप बदलत नाही. बारा गावं मिळालेला इरुग आणि पाच प्रांत मिळालेला बूतुग या दोघांचा मान कुणाशी नातं, कुणाकडून पट्ट, कुठल्या लढाईत पराक्रम यावर ठरत होता. गेममध्ये इरुग बॅरन ठरेल, बूतुग ड्यूक किंवा किंग, आणि हिशेब संपेल. काळीला अर्थातच पद नाही.

पदवी आणि जमीन यांची फारकत याहूनही पुढे जाते. मांडलिक घराणी ‘अमुक पुरवराधीश्वर’ असं बिरुद लावत. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार स्वतःला तगर नगरीचे स्वामी म्हणवत. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. शिलाहारांची सत्ता तिथे नव्हती. राष्ट्रकूट लट्टलूरचे, म्हणजे लातूरचे स्वामी. तळकाडहून राज्य करणारे गंग कुवलालपूरचे, म्हणजे कोलारचे स्वामी आणि नंदगिरीचे नाथ. त्या नंदी डोंगरावर आता रविवारी पहाटे बंगळूरकरांच्या गाड्यांची रांग लागते. देवगिरीचे यादव आणि हळेबीडचे होयसळ दोघेही द्वारावतीचे स्वामी, आणि आपसात लढतानाही दोघांनी ते बिरुद सोडलं नाही. गेमच्या भाषेत दुसऱ्याच्या जागेवरचा असा हक्क म्हणजे ‘क्लेम’, युद्धाचं निमित्त. पण तेर परत घ्यायला शिलाहारांनी कधी स्वारी केली नाही. आपण कुठून आलो एवढंच त्यांना सांगायचं होतं.

चोळांनी तर क्रमच उलटा केला. अकराव्या शतकाच्या आरंभी गंगवाडी त्यांच्या हाती आली. त्यांनी तिला मुडिगोंडचोळमंडलम असं नाव दिलं, आणि कोलारकडच्या भागाला निगरिलीचोळमंडलम. दोन्ही नावं चोळ राजांच्या बिरुदांवरून. इथे जमिनीवरून राजाचं नाव पडलेलं नाही, राजावरून जमिनीचं पडलंय. १११६च्या सुमारास होयसळ विष्णुवर्धनाने तळकाड घेतलं आणि ‘तळकाडुगोंड’, म्हणजे तळकाड घेणारा, असं बिरुद धारण केलं. ते त्याने सोन्याच्या नाण्यांवरही पाडलं. स्वतःच्या बिरुदाचं सोन्याचं नाणं पाडणारा हा माणूस औपचारिकरीत्या कल्याणीच्या चालुक्यांचा महामंडलेश्वर, म्हणजे मांडलिक, होता. सहाव्या विक्रमादित्याविरुद्ध त्याने बंड केलं, मार खाल्ला आणि पुन्हा मांडलिक म्हणवू लागला. होयसळांनी उघडपणे स्वातंत्र्य मिरवलं ते थेट त्याचा नातू दुसरा बल्लाळ याच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीला. त्याआधीच्या पाऊणशे वर्षांत हे राज्य मांडलिक होतं की स्वतंत्र? शिलालेखांचं उत्तर दोन्ही. गेमला एकच खूण करता येते.

सीमांबद्दल एक गोष्ट मात्र बोललीच पाहिजे, कारण ती आपल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. क्रुसेडर किंग्जमध्ये प्रत्यक्षात कोणीही राज्य करत असो, प्रत्येक प्रदेश ‘कायद्याने’ कुठल्या तरी राज्याचा असतो. त्या हिशेबाने दख्खन साम्राज्याच्या पोटात कर्णाट, महाराष्ट्र, आंध्र अशी राज्यं आहेत. ही वाटणी ८६७ सालची वाटत नाही. ती १९५६च्या राज्य पुनर्रचनेची आणि १९६०च्या महाराष्ट्राची वाटते. नृपतुंगाच्या दरबारात तयार झालेल्या ‘कविराजमार्ग’ ग्रंथाने कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. हे वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी येईल. तिकडे श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड आणि तमिळ ओळींसोबत मराठी ओळ कोरलेली आहे, आणि ती बघून पलीकडच्या काहींच्या कपाळावर येईल. राष्ट्रकूट राजाच्या दृष्टीने या दोन देशांमध्ये आखण्यासारखी रेघ नव्हतीच. याच अमोघवर्षाने प्रजेवरचं अरिष्ट टळावं म्हणून आपलं बोट कापून महालक्ष्मीला वाहिलं, असं संजाणच्या ताम्रपटात आहे. ही महालक्ष्मी कोल्हापूरची असं सहसा मानतात. बेळगाव कोणाचं हा प्रश्न त्याला कोणी विचारला असता तर तो प्रश्नच त्याला कळला नसता. गेमवाल्यांनी मात्र तो नकळत सोडवून टाकलाय.

जिथे या गेमांना दाद द्यायची तिथे दिली पाहिजे. लग्नं, वारस, भाऊबंदकी हा क्रुसेडर किंग्जचा प्राण आहे, आणि दख्खनचं राजकारण त्यात सुरेख बसतं. गंगांशी वर्षानुवर्षं लढून दमल्यावर अमोघवर्षाने आपली मुलगी गंग राजपुत्राला दिली आणि भांडण मिटलं. पुढे त्याच सोयरिकीच्या रीतीतून बूतुग तिसऱ्या कृष्णाचा मेहुणा झाला आणि तक्कोलमला त्याच्या बाजूने लढला. खेळाडू करतात ते हेच. या बाबतीत शाळेचं पुस्तक गेमपेक्षा कोरडं आहे.

विजयनगरकडे आलं की पदव्यांचा घोळ आणखी मजेदार होतो. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ ११ नोव्हेंबर १४४४ला सुरू होतो. तेव्हा गादीवर दुसरा देवराय आहे, बहमनींशी वैर मुरलेलं आहे. त्या घडीला ‘साम्राज्य’ हा शब्द शोभतो. पण ‘युरोपा युनिव्हर्सालिस ५’ २०२५च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि त्याने सुरुवात १३३७ला नेली, म्हणजे विजयनगरच्या पारंपरिक स्थापनासालाच्या एकच वर्ष पुढे. ही निवड धाडसाची आहे. त्या वर्षी होयसळांचा तिसरा बल्लाळ जिवंत आहे, मदुरैच्या सुलतानाशी लढताना तो मरायला अजून सहा वर्षं आहेत. संगमाचे मुलगे हरिहर आणि बुक्क नेमके कोणाच्या अंमलाखाली, यावर आजही लेख लिहिले जातात. त्यांच्या आरंभीच्या लेखांत ते स्वतःला महामंडलेश्वर एवढंच म्हणवतात. राजाधिराज राजपरमेश्वर ही भाषा दुसऱ्या हरिहराच्या काळी, चौदाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात रुळते. जवळजवळ चाळीस वर्षं हे ‘साम्राज्य’ पदवीने मांडलिक होतं, आणि वर कोणीच नव्हतं. शिडीच्या खेळात वरच्या पायरीवर बसायला कोणी थांबवत नसेल तर माणूस बसतोच. यांनी का घाई केली नाही?

याच काळात बुक्काने ‘हिंदुरायसुरत्राण’ हे बिरुद घेतलं : हिंदू राजांमधला सुलतान. फिलिप वॅगनर यांनी १९९६ साली यावर गाजलेला लेख लिहिला. विजयनगरच्या दरबाराने पोशाखापासून पदव्यांपर्यंत सुलतानी रीत कशी उचलली, हे त्यांनी दाखवलं. गेममध्ये धर्म हा एक रकाना आहे आणि पदव्या त्या रकान्यावरून ठरतात. हिंदू असेल तर महाराजा, मुसलमान असेल तर सुलतान. बुक्काने तो रकानाच ओलांडला आहे.

या बाबतीत मला सर्वांत समजूतदार वाटतो तो पटावरचा एक खेळ. अमेरिकेतल्या जीएमटी गेम्सने २०२४ साली ‘विजयनगर’ हा १२९० ते १३९८ या काळावरचा खेळ काढला. खेळणारे तीन : दिल्ली सल्तनत, बहमनी, विजयनगर. यातले अमीर आणि राजे दिल्लीच्या आज्ञेत तरी असतात किंवा बंडात, आणि ही अवस्था उलटसुलट होत राहते. प्रांत दिल्लीला खंडणी देतोय की नाही हे वेगळं मोजलं जातं. कागदी पटावर लाकडी सोंगट्यांनी जे साधलं, ते इतक्या मोठ्या कॉम्प्युटर गेमांना जड जावं याची गंमत वाटते. ‘क्रुसेडर किंग्ज ३’च्या २०२५च्या विस्ताराने आग्नेय आशियातल्या राज्यांसाठी मंडल पद्धत आणली. मंडलाचा विचार ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथातला, म्हणजे आपल्याकडचा. मान त्यांना आधी मिळाला.

‘एज ऑफ एम्पायर्स २’ शिडीच्या भानगडीत पडत नाही, त्यात फौजा आणि लढाया एवढंच. द्रविडांची पायदळ आणि आरमारावर भिस्त, शूरवीर घोडेस्वारांची रांग त्यांना नाही, जोडीला वुट्झ पोलादाचा खास शोध. दक्षिणेच्या चार भाषांना एकाच डब्यात कोंबल्याची तक्रार रास्त आहे. देवगिरीच्या यादवांना तर स्वतंत्र डबाच नाही. तरी योगायोग बघा. मध्ययुगीन दख्खनच्या लोकांनी स्वतःच असा हिशेब मांडला होता : ओडिशाचा राजा गजपती, मुसलमान सुलतान अश्वपती, विजयनगरचा राजा नरपती. एकाची ताकद हत्ती, दुसऱ्याची घोडे, तिसऱ्याची माणसं. गेम बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण खेळाचा तोल सांभाळता सांभाळता ते तिथेच येऊन पोचले.

मराठ्यांबद्दल थोडक्यात, कारण तिथे मध्ययुग संपत आलेलं असतं. २००९च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये ‘मराठा कॉन्फेडरसी’ खेळता येते आणि सुरुवात १७०० साली होते. त्या वर्षी मार्चमध्ये राजाराम महाराज वारले, ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली आणि औरंगजेब एकेक किल्ला वेढत सह्याद्रीत फिरत होता. सरदारांचा संघ ही गोष्ट पुढच्या पिढ्यांची. पण माझी मोठी तक्रार रंगाची आहे. १७१९च्या सनदांनंतर दख्खनच्या सहा सुभ्यांत मराठे २५ टक्के चौथाई आणि वर १० टक्के सरदेशमुखी वसूल करत, आणि बाकीचा महसूल मोगलांचा. एकाच गावात दोन कमाविसदार, याला आपल्याकडे दुअमली म्हणत. नकाशावर ते गाव कोणत्या रंगाचं? जो गेम नकाशा रंगवण्यावर उभा आहे त्याला दुअमली परवडत नाही. तसाच महादजी शिंद्यांचा प्रश्न. १७८४ साली बादशाहीची वकील-ए-मुतलक पदवी पेशव्यांसाठी मिळवणारा, दिल्ली मुठीत ठेवणारा हा माणूस स्वतःला पाटील म्हणवण्यात भूषण मानत होता. शिडी चढणाऱ्या खेळाडूला हे कसं समजावणार?

मग उपाय काय? गेम हा गेमच असणार, त्याला आकडे आणि नियम लागणारच. शिलालेखाचा पाठ वाचायला कोणी पैसे देत नाही. पण पट्ट, पंचमहाशब्दांचा म्हणजे पाच वाद्यांचा मान, बिरुदं आणि जमीन या वेगवेगळ्या चलनांत मोजणारा खेळ रचणं अशक्य नाही. एकाकडे बिरुदं भरपूर आणि गावं थोडी, दुसऱ्याकडे उलट, आणि दोघं एकमेकांशी सौदा करतायत, हा चांगला खेळ होईल. साहित्य तर हाताशी आहे. बी. एल. राइस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे खंड एकोणिसाव्या शतकातच सुरू केले, बंगळूर जिल्ह्याचा खंड १९०५चा. नृपतुंग रोडवरच्या मिथिक सोसायटीत आता बंगळूर परिसरातल्या शिलालेखांचं त्रिमितीय स्कॅनिंग चालतं. आणि जगभरच्या गेमांसाठी चित्रं-पात्रं बनवण्याचा धंदा तर याच शहरात १९९७ साली ध्रुव इंटरॅक्टिव्हने सुरू केला. परदेशी कंपन्यांच्या गेमांना इथले हात लागले, इथल्या दगडांना मात्र अजून लागायचे आहेत.

असा खेळ कोणी रचलाच तर त्यात बंगळूरचा एक प्रसंग हवा. १६३८ साली आदिलशाहीच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून हे शहर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. केंपेगौडा येलहंका नाडाचे प्रभू होते, राजे नव्हे. शहाजीराजे कागदोपत्री आदिलशाहीचे सरदार, पण जयराम पिंड्यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त बंगळूरचा त्यांचा दरबार एखाद्या स्वतंत्र राजाचा वाटतो. त्यांच्यामागून हे शहर त्यांचे पुत्र एकोजीराजे यांच्याकडे आलं. त्यांचं लक्ष तंजावरकडे लागलेलं, म्हणून त्यांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी ३ लाख रुपयांना बंगळूर विकण्याचं बोलणं सुरू केलं. ते पुरं होण्याआधी, १६८७च्या जुलैमध्ये, औरंगजेबाचा सरदार कासिमखान येऊन धडकला आणि त्याने शहर घेतलं. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मध्ये प्रांत विकायची सोय आहे, पण सौदा चालू असताना विकणाराच बदलायची नाही. कासिमखानाने थोड्याच दिवसांत बंगळूर चिक्कदेवराजांना देऊन टाकलं, त्याच ३ लाखांत.